फाटकाच्या आतली जीप

"नंबर कुठाय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "कागदावर आहे, साहेब."

"कागदावरचा मी वाचला. लोखंडावरचा कुठाय?"

ते जीपच्या पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात बॅटरी होती आणि भर उन्हात ती लावून ते चाकामागचं लोखंड बघत होते. देशमाने त्यांचं नाव. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर माळावर महिन्यातून एकदा गाड्यांच्या पासिंगचं शिबिर भरायचं, त्याला ते यायचे. सकाळपासून त्यांनी माझ्या जीपचे दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून बघितला, स्वतः एक फेरीही मारली. सगळ्याला "ठीक" म्हणाले. आता हे शेवटचं राहिलं होतं.

माझ्या शेजारी बाबालाल मिस्त्री उभा होता. गाडी त्यानंच तयार केली होती. तोही वाकला.

"साहेब, या गाडीला इथंच असतोय नंबर. पण गंज बघा की. लोखंडाचे पापुद्रे निघालेत."

"म्हणून तर विचारतोय," देशमाने उठले. गुडघे झटकले. "हे बघा, सटुप्पा. गाडी लष्कराच्या लिलावातली. पावतीवर चेसी नंबर आहे. तो लोखंडावर ठोकलेला दिसला, दोन्ही जुळले, की मी सही करणार. नाही दिसला तर ही गाडी कुणाची, कुठली, मला काय ठाऊक? चोरीची असली तर?"

"चोरीची नाही, साहेब. माझं निम्मं आयुष्य हिच्यावर गेलंय."

"ते तुमच्या तोंडाकडं बघून कळतंय. पण तोंडाचा छाप मला कागदावर घेता येत नाही." घड्याळाकडं बघून ते म्हणाले, "मी जेवून येतो. तोवर शोधा. नाही सापडला तर नामंजूर लिहावं लागेल. एकदा लिहिलं की मग ती भंगारातच."

ते गेले. मी माळाच्या कडेला बघितलं. चिंचेखाली तुळसा, माझी बायको, नवं लुगडं नेसून बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकऱ्या आणि एक नारळ. ती लांब होती, आमचं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. मी बघतोय हे कळल्यावर तिनं हात वर केला. मी पाठ फिरवली.

ही जीप मुत्तण्णा साहेबांची. कर्नाटकात, कोडगूत त्यांची कॉफीची मोठी एस्टेट होती आणि मी तरुणपणीच तिथं ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. जीप लिलावात घेतलेली, एस्टेटच्या आतल्या चढ-उतारावर फिरवायला. ती रस्त्यावर न्यायचीच नव्हती, म्हणून तिची कुठं नोंद नव्हती, कर भरलेला नव्हता, नंबरपाटी नव्हती. एस्टेटचं लोखंडी फाटक आलं की गाडी संपली. फाटकाबाहेर डांबरी रस्ता होता आणि तिथं ती एक चाकसुद्धा ठेवू शकत नव्हती.

तुळसा दरवर्षी जत्रेला माहेरी, वाटऱ्याला जायची. मी तिला आमच्या खोलीपासून फाटकापर्यंत जीपमधून आणायचो. फाटकाशी ती उतरायची, बोचकं डोक्यावर घ्यायची आणि बस यायची वाट बघत रस्त्याकडेला उभी राहायची. मी गाडी वळवून परत जायचो. मागं बघायचा आरसा त्या गाडीला नव्हता. तेव्हा कशाला लागणार?

पुढं गावच्या फाट्यावर बस सोडली की वाटरे दोन टेकड्या चालून. तिचा थोरला भाऊ भरमूअण्णा गावात वजनदार माणूस. संध्याकाळी पारावर बसलेला असायचा. ती घामाघूम होऊन वेशीतून आत आली की तो सगळ्यांदेखत विचारायचा, "काय गं तुळसा, ड्रायव्हरची बायको आणि चालत आलीस?"

पहिल्या वर्षी सगळे हसले, तीही हसली. ती म्हणाली, आमच्याकडं जीप आहे, पण ती फाटकाबाहेर येत नाही. त्यावर तर जास्तच हसले. मग तो दरवर्षीचा विनोद झाला. हळूहळू त्या गावाची अशी समजूत झाली की मी एस्टेटवर खुरपणी करतो आणि बायकोला ड्रायव्हर म्हणून सांगायला लावतो. एकदा मीही बरोबर होतो. भरमूअण्णा म्हणाला, "काय पावणं, गाडी फाटकात बांधून आलासा? वैरण घातली न्हवं तिला?"

तुळसानं त्या रात्री माहेरी जेवण केलं नाही. मला म्हणाली, "एकदा तरी त्या गाडीतनं वेशीच्या आत यायचं मला. मग गाडी मोडू दे न्हाई तर मी."

एस्टेट विकताना मुत्तण्णा साहेबांनी जीप माझ्या नावावर करून दिली. म्हणाले, "सटुप्पा, दुसऱ्याच्या हातात ही चालणार नाही." ट्रकवर घालून गावी आणली. पण नोंद करायची म्हटल्यावर खरा घाट लागला. कर्नाटकातल्या कचेरीत गेलो, म्हटलं, गाडी माझ्या राज्यात नेली आहे, दाखला द्या. कारकून म्हणाला, "इथं नोंदच नाही, दाखला कशाचा देऊ?" इकडं आलो. इकडचा म्हणाला, "तिकडं नोंद नाही, असा तिकडचा दाखला आणा." परत तिकडं. नसलेल्या नोंदीचा नसल्याचा दाखला द्या, असं मी माझ्या कन्नडात सांगितलं तेव्हा सगळी कचेरी हसली. हसता हसताच त्यांनी लिहून दिलं.

मग बाबालालनं गाडी हातात घेतली. इंडिकेटर बसवले, आरसे बसवले, सायलेन्सर बदलला, खालचं सगळं लोखंड तारेच्या ब्रशनं घासून काळा रंग मारला. शिबिराला येण्यापुरता तात्पुरता परवाना काढला आणि मी तुळसाला म्हणालो, "चल, बस."

"नंबर हाय?"

"आज मिळंल."

"मग आज मिळाल्यावर बसते. वाटेत पोलिसानं उतरवलं म्हणजे? फाटकाशी उतरायची सवय हाय मला, रस्त्याच्या मधी न्हाई."

ती एसटीनं आली. मी जीप घेऊन पुढं आलो. दुसऱ्या दिवशी वाटऱ्याची जत्रा होती. पासिंग झालं की तिथूनच परस्पर माहेरी जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला विचारलंही नव्हतं.

आता मी आणि बाबालाल चाकापाशी आडवे पडून लोखंड घासत होतो. त्यानं नवा मारलेला काळा रंग आम्हीच रॉकेलनं पुसून काढला. खाली गंज, गंजाखाली गंज. एके ठिकाणी त्याला एक उभी रेघ दिसली. आम्ही दोघंही श्वास धरून बघत राहिलो. तो ब्रशचा ओरखडा निघाला.

"पलीकडच्या बाजूला असंल?" मी म्हणालो.

"न्हाई. पण बघू."

पलीकडची बाजू घासली. मागचं लोखंड घासलं. काही नाही. बाबालाल उठून बसला आणि त्यानं टोपीनं तोंड पुसलं.

तेवढ्यात एक एजंट तिथं घुटमळत आला. शिबिरात असे दोन-तीन फिरायचे. तो हळूच म्हणाला, "मामा, आकडे पाडायचे पंच हायत माझ्याकडं. साहेब हात धुऊन येईपर्यंत ठोकून देतो. कुणाला कळतंय?"

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला वाटऱ्याची वेस दिसली. बाबालाल म्हणाला, "सटुप्पा, ते पंच मारलं की ही खरोखरच चोरीची गाडी झाली बघ."

मी एजंटाला हातानंच जा म्हणालो. मग चिंचेखाली गेलो. बाबालाल माझ्या मागून आला.

तुळसानं भाकरीचं फडकं सोडलं होतं. "जेवून घ्या."

"नको."

"काय म्हणाला साहेब?"

"गाडी भंगारात जाणार."

तिचा हात भाकरीवरच थांबला. "का? दिवा लागला न्हाई?"

"दिवे लागतात. नंबर नाही."

"नंबर न्हाईच की. तोच तर मागायला आलासा नव्हं? तो साहेबच देणार."

"तो वेगळा. हा चेसीचा."

"चेसी म्हंजे?"

"तुळसा, तुला नाही कळायचं. भाकरी बांधून ठेव. तू एसटीनं पुढं जा माहेरी."

ती फडक्याला गाठ मारायला लागली. बाबालालला ते बघवलं नसावं. तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, हंड्याकळशीवर नाव घालत्यात का न्हाई? ठोकून ठोकून?"

"व्हय. माझ्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर हाय."

"तसं कंपनी गाडीच्या लोखंडावर आकडे ठोकून घालते. भांडं हरवलं तरी नावावरनं कुणाचं ते कळतंय, तसं. ते आकडे गंजानं खाल्ले. सगळं लोखंड घासलं आम्ही, सापडत न्हाईत."

तुळसानं बांधलेली गाठ सोडली. "असं सांगा की मग. ते मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"गाडीवर नाव घातलंय ते. माझ्या शेंदराखाली हाय."

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती माझ्यावरच चिडली. "असं काय बघतासा? पहिल्या दसऱ्याला मी बॉनेटवर शेंदूर लावला, तवा मालक रागावलं, नवा रंग खराब झाला म्हणून. तुम्हीच मला सांगितलंसा, वर काही लावू नकोस. मग पुढच्या खेपेला खाली लावला, कुणाच्या नजरेला पडू नये असा. पण खाली तरी कुठं लावायचा? नुसत्या लोखंडाला कोण लावंल? हात फिरवून बघितला. एका जाग्याला भांड्यावर असतं तसं नाव लागलं हाताला. म्हटलं, नाव हाय तिथंच कपाळ. तवापासनं दर दसऱ्याला तिथंच लावते."

मी बाबालालकडं बघितलं. त्यानं डोक्याला हात लावला होता.

ते लाल ढेकूळ आम्ही दोघांनीही रोज बघितलं होतं. चाकाच्या मागं, तळहाताएवढं, वर्षानुवर्षांचा शेंदूर आणि तेल बसून दगडासारखं झालेलं. गाडी घासताना मीच बाबालालला म्हणालो होतो, तेही काढ. तो म्हणाला, "मी हात लावायचा न्हाई. वहिनीनं लावलंय, देवाचं हाय ते." ब्रश त्याच्याभोवतीनं फिरला. रंगसुद्धा त्यानं कडा सोडून मारला. आज देशमाने साहेबांची बॅटरीही त्याच्यावर थांबली होती आणि पुढं गेली होती. सगळ्या गाडीचं लोखंड आम्ही खरवडलं होतं, तेवढी जागा सोडून.

बाबालाल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पळाला. तुळसा त्याच्या मागून गेली. "ते खाली ठेव आधी."

"वहिनी, साहेब येतील."

"येऊ देत. शेंदूर खरवडत न्हाईत. मारुतीचं कवच कुणी हत्यारानं काढतंय? ते आपणहून सुटतं."

"आता ते सुटायची वाट बघायची?" मी म्हणालो. "आपल्या गावच्या मारुतीचं माझ्या आज्याच्या वेळी सुटलं होतं."

"लावलाय मी. मागायचा पण मीच. चहाच्या गाड्यावरनं ऊन पाणी आणा."

मी किटलीभर गरम पाणी आणलं. ती नव्या लुगड्यानिशी मातीत बसली. फडकं पाण्यात बुडवून तिनं त्या ढेकळावर दाबून धरलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. फडकं गार झालं की परत बुडवायची. तिच्या मनगटापर्यंत लाल पाणी आलं. आजूबाजूचे ट्रकवाले, टेम्पोवाले गोळा झाले. कुणी हसलं नाही. शेंदूर सुटतोय म्हटल्यावर दोघा-तिघांनी चपला मागं काढल्या.

देशमाने साहेब आले. त्यांनी घोळका बघितला, मग तुळसाला बघितलं. "हे काय चाललंय?"

"साहेब," बाबालाल म्हणाला, "नंबर आत हाय. बाई सोडवून घेतीया."

त्यांना राग येईल असं मला वाटलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि हात मागं बांधून उभे राहिले. थोड्या वेळानं मी बघितलं तर त्यांचे बूट बाजूला काढलेले होते.

आधी एक बारीक आवाज आला, सुपारी फुटते तसा. तुळसानं दुसऱ्या हातानं पदर खाली धरला. ते कवच एका बाजूनं उचललं गेलं आणि अख्खंच्या अख्खं तिच्या पदरात पडलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि बाजूला सरकली.

मी खाली वाकलो. सगळ्या गाडीचं लोखंड कुजलेल्या पानासारखं झालं होतं आणि तेवढा तळहाताएवढा तुकडा कालच कारखान्यातून आल्यासारखा होता. त्यावर आकडे. एकेक आकडा स्वच्छ, कडा धारदार.

"वाचा," मी देशमाने साहेबांना म्हणालो. माझ्याच्यानं वाचवत नव्हतं.

ते एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले आणि बाबालाल पावतीवर बोट ठेवून "बरोबर, बरोबर" म्हणत गेला. शेवटच्या आकड्याला ते थांबले. फुंकर मारून त्यांनी लाल भुकटी उडवली.

"नऊ."

"नऊच," बाबालाल म्हणाला.

"जुळलं का?" तुळसानं विचारलं. तिला आकडे येत नव्हते.

"जुळलं, बाई," देशमाने म्हणाले. त्यांनी कागद लावून पेन्सिल घासली आणि नंबराचा छाप घेतला. मग बोटाला लागलेला शेंदूर चोळून बघत म्हणाले, "पूर्वी पुलांच्या लोखंडाला असाच लाल रंग द्यायचे. तेलात कालवून. गंज धरत नाही."

"आम्ही मारुतीला देतो," तुळसा म्हणाली.

"ते खरं. पण आता नंबरावर लावू नका. बाजूला लावा. पुढच्या पासिंगला परत हाच गोंधळ नको."

"बाजूला लावला तर बाजूचंच राखलं जाईल की, साहेब."

घोळक्यातले सगळे हसले. देशमाने साहेबही हसले आणि त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

कारकुनानं नंबर दिला. माळावर एक पेंटर पाट्या रंगवत बसलेला असायचा, त्यानं काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं काढली. एम एच, मग शून्य नऊ, मग पुढचं. रंग वाळेपर्यंत तुळसा पाटीजवळून हलली नाही. माश्या बसू नयेत म्हणून पदरानं वारा घालत राहिली. पाटी बसल्यावर तिनं चाकापुढं नारळ फोडला आणि पहिला तुकडा बाबालालला दिला, दुसरा साहेबांना पाठवला.

"बसू आता?" तिनं मला विचारलं.

"बस."

माळ संपला आणि मी गाडी डांबरी रस्त्यावर घेतली. इतकी वर्षं मी ती जीप हाकत होतो, पण सकाळी शिबिराला धसक्यातच आणली तेवढं सोडलं तर ती मोकळ्या रस्त्यावर चालवण्याचा मलाही अनुभव नव्हता. तिसऱ्या गिअरच्या पुढं एक चौथा गिअर असतो, हे मला त्या दिवशी नीट समजलं. तुळसा डाव्या हातानं कांब धरून बसली होती, मांडीवर शेंदराचं कवच फडक्यात बांधलेलं. बराच वेळ ती कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हिचा आवाज असा असतोय व्हय?"

"कसा?"

"गुमान. तिथं नुसती किंचाळायची."

फाटा आला. या फाट्यावर ती दरवर्षी बसमधून उतरायची. आम्ही न थांबता वळलो. पहिली टेकडी गेली, दुसरी गेली. वाटेत जत्रेला चालत निघालेली माणसं बाजूला होत होती आणि वळून बघत होती. तुळसानं डोक्यावरचा पदर नीट केला.

वाटऱ्याची वेस म्हणजे दोन दगडी खांब आणि वर आडवी तुळई. बैलगाडी जाईल एवढी रुंद. वेस समोर आली आणि गाडी थांबली. मी बघितलं तर तुळसानं फडकं काखेत मारलं होतं आणि एक पाय बाहेर काढला होता.

"उतरतीस कशाला?"

"तुम्ही थांबलासा म्हणून."

"मी तू उतरायला लागलीस म्हणून थांबलो."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. माझा पाय ब्रेकवर होता. तिचा पाय हवेत होता. ती जी हसायला लागली ती तोंडात पदर कोंबूनही थांबेना. मग तिनं पाय आत घेतला आणि म्हणाली, "हाना आत."

पारावर माणसं होती. भरमूअण्णा मधोमध. जीप त्याच्यासमोर येऊन उभी राहीपर्यंत त्याला आत कोण आहे ते कळलं नव्हतं. कळल्यावर तो उठला. गाडीभोवती एक फेरी मारली. पाटी वाचली. त्याच्या गळ्यात जुना विनोद तयार होता, पण तो बाहेर येईना.

"कुणाची मागून आणलीसा?" शेवटी तो म्हणाला.

तुळसा खाली उतरली नव्हती. वरूनच म्हणाली, "चाकामागं बघ जा, दादा. नाव घातलंय."

आणि भरमूअण्णा, ज्याच्यापुढं सगळं गाव वाकायचं, धोतर आवरून खाली वाकला. वाकून बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला कडेचा राहिलेला थोडा शेंदूर लागला होता. ते त्याला कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

"पावणं," तो मला म्हणाला, "घरापर्यंत घ्या की. चालत कशाला जायचं?" आणि स्वतः मागं चढून बसला.

तुळसा जाऊन आता दुसरा दसरा झाला. ते कवच आमच्या देव्हाऱ्यात आहे. उलटं केलं की आतल्या बाजूला सगळे आकडे आहेत, आरशात दिसतात तसे. शेंदूर आता मी लावतो, नंबरावरच. वाकायला त्रास होतो, पण हात फिरवला की नाव लागतं.

गाडी अजून चालते. फक्त कुठंही फाटक आलं की माझा पाय ब्रेकवर जातो आणि नजर डाव्या बाजूला जाते. मागची गाडी हॉर्न मारते. मी म्हणतो, "बस तू," आणि जीप आत घेतो.